क्रशरच्या आवाजात इंटरकॉमवर 'नको' ऐकूच जात नाही. सेटिंग कुणी केलंय का?

बर्फवाला_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी शिफ्ट सांभाळतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मालकांनी नवीन इंटरकॉम बसवून घेतला. कॉम्प्रेसर रूम, ब्राइन टँक (बर्फ गोठवायची मिठाच्या पाण्याची टाकी), क्रशर (बर्फ फोडायचं मशीन), गाडी भरायची जागा, ऑफिस आणि गेट अशा सहा पेट्या आहेत. सिस्टीम एसआयपीवर, म्हणजे नेटवर्कवरून कॉल लावायच्या पद्धतीवर, चालते आणि वीजही नेटवर्कच्या केबलमधूनच येते. बसवणाऱ्याने ट्रायल दिली तेव्हा गेटवरचा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटत होतं. तेव्हा प्लांट बंद होता, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. १ ऑगस्टला होड्या सुटल्या, मशीन सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून माणसं पुन्हा हातवारे करायला लागली.

आता लिहायला बसलो त्याचं कारण. मागच्या आठवड्यात पहाटे चारच्या सुमाराला क्रशरमध्ये बर्फाच्या लादीचा तुकडा अडकला. क्रशरवरच्या पोराने मशीन थांबवायला लावलं आणि सळईने तुकडा मोकळा करायला घेतला. आमच्या क्रशरचा स्टार्टर कॉम्प्रेसर रूमच्या पॅनेलवर आहे. पोरगा पेटीवर बोलला, "नको चालू करू, हात आत आहे." पॅनेलवर आम्हाला ऐकू आलं, "चालू करू... आत आहे." मी तिथेच उभा होतो, मलाही तसंच ऐकू आलं. ऑपरेटरने हिरव्या बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात काचेतून माझी नजर पलीकडे गेली. पोराचा हात खांद्यापर्यंत हॉपरमध्ये होता. मी ऑपरेटरचं मनगट धरलं. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मला झोप नीट लागत नाही.

मोबाईलवर मोजलेले आकडे देतो. कॉम्प्रेसर रूम ९६ डेसिबल, क्रशर चालू असताना त्याच्याजवळ १०१, गाडी भरायच्या जागी ८४, ऑफिस ५८. आवाज आला की माइक आपोआप उघडतो अशी सेटिंग आहे. एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट) चालू आहे, व्हॉल्यूम पूर्ण. आणखी मोठा भोंगा लावू का? की सेटिंगमध्येच काही चुकलंय? कुणी असल्या गोंगाटात काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

लोटे_शिफ्ट

दादा, इंटरकॉमचं नंतर बोलू. आधी एक काम आजच करा. क्रशरचा आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप घालायची सोय करा. ज्याचा हात आत जाणार, किल्ली त्याच्याच खिशात. दोन माणसं असतील तर दोन कुलपं. मी लोटे-परशुरामला केमिकल प्लांटमध्ये वीस वर्षं काढली. मशीनमध्ये हात घालणाऱ्याचा जीव दुसऱ्याच्या कानावर सोडायचा नसतो, मग इंटरकॉम कितीही भारी असो. तो पोरगा बोलला नसता, पेटी बंद पडली असती, तरी मशीन सुरू होता कामा नये.

दुसरं, क्रशरच्या बाजूलाच एक इमर्जन्सी स्टॉप हवा. दाबला की बाहेर ओढल्याशिवाय किंवा फिरवल्याशिवाय न सुटणारा. स्टार्टर लांब आणि माणूस इथे, ही रचनाच धोक्याची आहे.

बर्फवाला_रत्नागिरी

अगदी बरोबर बोललात. कुलूप आज दुपारीच आणलं. इमर्जन्सी स्टॉपसाठी इलेक्ट्रिशियनला उद्या बोलावलंय.

पॅनेलवायर

'नको' कुठे गेला ते सांगतो, कारण हा प्रकार मी तीन ठिकाणी बघितलाय.

आवाज आला की माइक उघडणाऱ्या सेटिंगला वॉक्स म्हणतात. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की सर्किट उघडतं आणि त्या उघडण्यातच वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. शांत ऑफिसमध्ये 'हॅलो' मधला 'हॅ' गेला तर कुणाचं बिघडत नाही. तुमच्याकडे 'नको' गेला. शिवाय क्रशर चालू असताना तो गोंगाटच माइक उघडा ठेवतो. पेटी एका वेळी एकाच बाजूचा आवाज सोडणारी असेल, तर ज्या बाजूला गोंगाट जास्त ती बाजू लाइन अडवून बसते आणि समोरच्याला बोलताच येत नाही. म्हणून वॉक्स पूर्ण बंद. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. लाइन उघडली की 'टिंग' वाजेल अशी सेटिंग बहुतेक पेट्यांत असते, ती चालू करा आणि माणसांना सांगा, टिंग वाजल्यावर बोला.

एजीसी पण बंद. हे सर्किट हळू आवाज मोठा करतं आणि मोठा आवाज दाबतं. माणूस श्वास घ्यायला थांबला की त्याला वाटतं आवाज कमी झाला, म्हणून ते क्रशरचा आवाज वर ओढतं. माणूस पुन्हा बोलला की दोन्ही दाबतं. ऐकणाऱ्याला समुद्राची भरती-ओहोटी ऐकू येते, शब्द नाहीत. माइकचा गेन, म्हणजे माइक आवाज किती वाढवतो ते, हाताने ठरवा. क्रशर पूर्ण चालू असताना, नेहमीच्या माणसाने, नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलायचं आणि समोर फाटलेला आवाज येत असेल तर गेन खाली आणायचा. जूनमध्ये बंद प्लांटमध्ये केलेलं सेटिंग तुमच्या काही कामाचं नाही.

पेटीत हाय-पास फिल्टर (खालच्या पट्टीचा आवाज कापणारा) असेल तर ३०० ते ४०० हर्ट्झवर ठेवा. कॉम्प्रेसरची घरघर आणि मोटारींचा गुंगाट बराचसा त्याच्या खाली असतो. आवाज थोडा पातळ वाटेल, पण शब्द समजतील. शब्द ओळखायला लागणारी व्यंजनं, म्हणजे स, श, च, ट, वरच्या पट्ट्यात असतात. म्हणूनच कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवायची पद्धत, तीही बघून घ्या. साध्या जी.७११ ला आवाजाची वरची मर्यादा ३४०० हर्ट्झच्या आसपास, जी.७२२ ला ७००० पर्यंत. दोन्ही ६४ केबीपीएसवर चालतात, म्हणजे नेटवर्कवर जास्तीचा भार नाही. फक्त सहाही पेट्यांत जी.७२२ वर ठेवा. एकीला जमत नसेल तर तिच्याशी होणारा कॉल जुन्या कोडेकवर उतरतो आणि आपण विचार करत बसतो की गेटवरच आवाज खराब का.

नॉइज सप्रेशनचा एक स्लायडर असेल. तो पूर्ण वर नेऊ नका. जास्त नेला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि 'स', 'श' त्याच्याबरोबर धुतले जातात. मध्यावर ठेवा आणि कानाने ठरवा.

ध्वनीमापक

मोठ्या भोंग्याचा प्रश्न अजून राहिलाय. दादा, हिशोब करून बघू या.

चांगला हॉर्न स्पीकर एक वॅटला एक मीटरवर १०५ डेसिबल देतो असं धरा. दहा वॅट दिले की १० डेसिबल वाढतात, ११५. आता अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. दोन मीटरवर १०९, चार मीटरवर १०३, आठ मीटरवर ९७. तुमच्या क्रशरजवळ १०१ आहेत आणि बोलणं नीट समजायला ते गोंगाटापेक्षा किमान १० डेसिबल तरी वर लागतं. म्हणजे पोराच्या कानाशी १११ ओतायचे. कायद्यात कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, ९५ ला चार तास, १०० ला दोन. तुमचं क्रशर आधीच त्याच्या पलीकडे आहे. त्यावर भोंगा चढवला तर तो पोरगा चाळिशीत बहिरा होईल, आणि निरोप तरी पोचेल याची खात्री नाही. भिंती जांभ्याच्या आणि आतून गिलावा असेल तर आवाज घुमतो, वर्ण एकमेकांवर चढतात.

आता माइकची बाजू. मोठ्याने बोललेला आवाज तोंडापासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आसपास असतो. अर्ध्या मीटरवर ८१. पाच सेंटिमीटरवर १०१. तुमचा पोरगा पेटीपासून हातभर लांबून बोलत असणार, म्हणजे माइकला गोंगाट त्याच्या आवाजापेक्षा वीस डेसिबल मोठा ऐकू येतोय. असा आवाज आत गेल्यावर पुढे कुठलंही सॉफ्टवेअर तो पूर्ण निवडून देऊ शकत नाही. क्रशरपाशी भिंतीवरची पेटी हा मार्गच नाही. तिथे कान पूर्ण झाकणारा इअरमफ लागेल, त्यातच स्पीकर आणि ओठांपुढे दांडीवर नॉइज-कॅन्सलिंग माइक. हा माइक पुढून आणि मागून दोन्हीकडून आवाज घेतो. लांबचा गोंगाट दोन्हीकडून सारखा येतो म्हणून बराचसा कापला जातो, ओठांजवळचा आवाज एकाच बाजूने येतो म्हणून टिकतो. पण तो ओठांपासून एक-दोन सेंटिमीटरवरच काम करतो. गळ्यात लोंबता ठेवला तर साध्या माइकपेक्षाही वाईट. वायर ओढली गेली तर सुटून येणारा कनेक्टर घ्या, मशीनपाशी वायर अडकता कामा नये.

आणि मोबाईलचा आकडा अंदाजाला ठीक आहे. गोंगाट मोठा झाला की मोबाईलचा माइक चुकतो. एकदा साउंड लेव्हल मीटर भाड्याने आणून मोजा.

बर्फवाला_रत्नागिरी

हा हिशोब मला आजवर कुणी करून दाखवला नव्हता. भोंगा रद्द. पण मग कॉम्प्रेसर रूम आणि गाडी भरायच्या जागी काय करू? तिथे माणूस फिरता असतो, त्याला हेडसेट कुठे बांधून ठेवणार?

ध्वनीमापक

गाडी भरायच्या जागी ८४ आहेत, तिथे हॉर्न चालेल. एक मोठा लावण्यापेक्षा दोन-तीन छोटे, माणसं उभी राहतात तिथे जवळ, खाली तोंड करून. फार लांब लांब लावू नका. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे सतरा मीटरच्या फरकाला सेकंदाचा विसावा भाग उशीर. तेवढ्या फरकाने एकच वाक्य दोनदा ऐकू आलं की शब्द पुसट होतात.

कॉम्प्रेसर रूममध्ये कॉल आला की डोळ्याला दिसायला हवा. फिरता किंवा चमकणारा दिवा लावा, पेटीच्या रिले आउटपुटला (कॉल आला की चालू होणारा आतला स्विच) जोडता येतो. माणसाने दिवा बघून बाहेर यायचं, दारापाशी शांत जागेत दुसरी पेटी ठेवायची. आवाजाप्रमाणे व्हॉल्यूम आपोआप बदलणारी सेटिंग तिथे उपयोगी आहे, नाहीतर मशीन बंद झाल्यावर तोच स्पीकर कानठळ्या बसवतो.

कोळंबी_हॉल

मी मासे प्रक्रियेच्या कारखान्यात सोलणीच्या हॉलवर सुपरवायझर आहे. आमच्याकडे १०१ नाहीत, पण ब्लोअर, पाण्याचे पाइप आणि ट्रेचा खणखणाट मिळून बोलणं कठीणच. सगळं सेटिंग झाल्यावर काय राहतं ते सांगते.

आमच्या बायकांचे हात ओले, मोजे घातलेले, तोंडाला मास्क. पेटीवरची बटणं एवढीशी, करंगळीच्या नखाएवढी. मोज्यातलं बोट दोन बटणं एकदम दाबतं आणि कॉल भलतीकडेच जातो. पेटी बसवणारा माणूस उंच होता, त्याने ती आपल्या तोंडाच्या उंचीवर लावली. आमच्यातल्या निम्म्या जणींना टाचा उंचावून बोलावं लागायचं, मग कुणी बोलायचंच नाही. पेटी खाली घ्यायला मला दोन महिने भांडावं लागलं. म्हणून सांगते, जी माणसं वापरणार त्यांना उभं करून खुणा करून घ्या आणि मगच ड्रिल लावा.

दुसरं, कामाचे शब्द ठरवून घ्या. आम्ही इंटरकॉमवर 'नको' आणि 'नाही' बंदच केलेत, कारण ते गेले की वाक्याचा अर्थ उलटा होतो. थांबवायचं तर फक्त 'बंद, बंद, बंद', तीनदा. सुरू करायला 'चालू' म्हणायचं नाही, यंत्राचं नाव घेऊन 'सोडा' म्हणायचं: 'बेल्ट दोन सोडा'. आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं. परत म्हटलं नाही तर ऐकलंच नाही असं धरायचं. पहिले आठ दिवस सगळ्या हसत होत्या. आता नवीन मुलगी आली की त्याच तिला शिकवतात.

मालवणी_वायरमन

बर्फवाल्या भाऊ, तुमका समुद्राची गोष्ट कुणी सांगितली नाय अजून, ती मी सांगतंय.

मालवणात एका बर्फ कारखान्यात पेटीतून आवाज दबलेला यायला लागला. सगळ्यांनी सेटिंग बदलून बघितलं. मी माइकची जाळी काढली, भोकांत मीठ आणि माशाची खवलं घट्ट बसलेली. मऊ ब्रश आणि गोड्या पाण्याने पुसल्यावर आवाज मोकळा. दर आठवड्याला शनिवारी पुसायचं, कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसऱ्या एका ठिकाणी पेटी उघडलंय तर आत पाल. केबल जिथून आत जाते तिथे ग्लँड (भोक घट्ट बंद करणारं बूच) लावलाच नव्हता. ग्लँड खालच्या बाजूनेच घ्या, वरून घेतला तर पाऊस वायरवरून सरळ आत उतरतो. केबलला पेटीच्या खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. आयपी ६६, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, असं लिहिलेली पेटीसुद्धा ग्लँड चुकला की साधा डबाच. स्क्रू आणि क्लँप ३१६ स्टीलचे मागा. ३०४ ला आपल्या खाऱ्या वाऱ्यात वर्षभरात तांबूस डाग येतात.

नेटवर्कची पिन उघडी सोडू नका, हिरवी पडते. मग पेटी मध्येच बंद होते, मध्येच सुरू होते आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर खराब.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीज. मे अखेरीला आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे कशी कडाडते ते बघता ना. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची नेटवर्क केबल नेली असेल तर एका पावसात दोन्हीकडचे स्विच जातील. तिथे फायबर टाका. फायबरमधून वीज जात नाही आणि तांब्याच्या केबलची शंभर मीटरची मर्यादाही राहत नाही. जांभ्याच्या कातळात साधी अर्थिंगची पट्टी पुरत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. अर्थिंग मोजून घ्या.

पॅनेलवायर

वायरमनदादांच्या केबलच्या मुद्द्याला जोडून लिहितो. क्रशरच्या किंवा पंपाच्या मोटारला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर इंटरकॉमची केबल त्या केबलच्या ट्रेमधून नेऊ नका. बारीक शिट्टी घुसते आणि ती कुठल्याही फिल्टरने जात नाही. वेगळा मार्ग, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

आणि दोन गोष्टी लगेच तपासा. एक, पीओई स्विच (केबलमधून पेट्यांना वीज देणारा) यूपीएसवर आहे का? लाइट गेली, कॉम्प्रेसर थांबला की सगळ्यांना एकमेकांशी बोलायचं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी इंटरकॉम मेलेला असतो. दोन, एसआयपीचा सर्व्हर कारखान्यातच आहे की इंटरनेटवर? बाहेर असेल तर पावसात कुठेतरी झाड पडून इंटरनेटची लाइन तुटली की कॉम्प्रेसर रूममधून ऑफिसलाही कॉल लागणार नाही. पेटीतून पेटीला थेट कॉल आणि सगळ्यांना एकदम घोषणा मल्टिकास्टवर, हे दोन्ही सर्व्हरशिवाय चाललं पाहिजे. सर्व्हर बंद करून एकदा खरंच करून बघा.

लोटे_शिफ्ट

बर्फ गोठवायला कॉम्प्रेसरमध्ये जो वायू असतो, त्या अमोनियाचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. कॉम्प्रेसर रूममधली एकमेव पेटी आत असेल तर गळतीच्या वेळी तिच्यापर्यंत कुणी जाणार नाही. ध्वनीमापकांनी सांगितलेली दाराबाहेरची पेटी त्यासाठीही हवीच. तोंडावर मास्क असलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून तिच्यावर एक बटण असं ठेवा की दाबलं की आधीच रेकॉर्ड केलेली सूचना सगळीकडे वाजेल. तुमच्या जेट्टीवर नेपाळी खलाशी असतीलच. सूचना मराठी, हिंदी आणि नेपाळी तिन्हींत करा, आणि तुमच्याच माणसांच्या आवाजात. ओळखीचा आवाज ऐकला की माणूस लवकर हलतो, हे मी मॉक ड्रिलमध्ये बघितलंय. वाऱ्याची दिशा बघून कुठे जमायचं तेही त्यात असू द्या.

हवेत अमोनिया १५ ते २८ टक्के झाला तर तो पेटतो. तेव्हा कॉम्प्रेसर रूमच्या आतली पेटी आणि दिवा कुठल्या प्रकारचा चालेल हे रेफ्रिजरेशनच्या सल्लागाराकडून लेखी घ्या. आमच्याकडे सॉल्व्हंटच्या विभागात पेसोची (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेचं सरकारी खातं) मान्यता असलेलीच फ्लेमप्रूफ पेटी लागते, आणि परमिट घेतल्याशिवाय तिचं झाकण उघडत नाहीत, आतला व्हॉल्यूमचा स्क्रू फिरवायलासुद्धा.

बर्फवाला_रत्नागिरी

मंडळी, अठरा दिवसांनी लिहितोय.

इमर्जन्सी स्टॉप बसला. कुलूप आणि किल्लीची पद्धत सुरू झाली. वॉक्स आणि एजीसी बंद केलं, फिल्टर ३५० वर ठेवला. पाच पेट्यांना जी.७२२ जमलं, गेटच्या पेटीला नाही, ती बदलणार आहोत. क्रशरवर हेडसेट आला. पहिल्या दिवशी पोराने माइक हनुवटीखाली ठेवला आणि काहीच ऐकू येईना. मग मी त्याच्या ओठांपुढे बोट आडवं धरून दाखवलं, एवढंच अंतर. काल रात्री सव्वादोनला दोन्ही गाड्या लागलेल्या, क्रशर भरधाव, आणि पॅनेलवर स्पष्ट आलं, "बंद, बंद, बंद." ऑपरेटरने मशीन थांबवून तेच परत म्हटलं. इमर्जन्सी स्टॉपचं बटण हाताशी असूनही पोरगा आधी माइकवर बोलला, त्याला ते समजावून सांगितलं. आधी बटण, मग बोलणं.

सर्व्हर बंद करून बघितला. थेट कॉल लागले, घोषणा मात्र वाजली नाही. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंगची (मल्टिकास्ट कुठल्या पेट्यांकडे सोडायचा ते ठरवणारी) सेटिंग अर्धवट होती, ती नीट केल्यावर सगळीकडे वाजली. यूपीएस पुढच्या महिन्यात. नेपाळी सूचना आमच्या एका खलाशाने स्वतः रेकॉर्ड करून दिली, तीन वेळा केली, मनासारखी होईपर्यंत.

कोळंबी_हॉल ताई, तुमचं ऐकून ब्राइन टँकची पेटी खाली घेतली आणि बोलण्याचं बटण बाहेर काढून मोठं लावायचं ठरवलंय. हातात जाड मोजे असतात. ४० मिलिमीटरचं मशरूम बटण (छत्रीसारख्या मोठ्या डोक्याचं) बघितलंय, दुकानात लाल रंगाचं लगेच मिळतं. घेऊ का?

लोटे_शिफ्ट

लाल अजिबात घेऊ नका. लाल मशरूम दिसला की घाबरलेला माणूस तो इमर्जन्सी स्टॉप समजून दाबेल आणि मशीन चालूच राहील. हिरवंही नको, ते सुरू करायचं. काळं मागा. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

बर्फवाला_रत्नागिरी

काळी दोन मागवली. गाडी भरायच्या जागेसाठी पण एक.